ताईच्या हाताचा जोर

"गायनेकोमास्टिया," डॉक्टर म्हणाले आणि मी अशी मान डोलावली, जणू हा शब्द मी रोज चहाबरोबर ऐकतो. मग त्यांनी मराठीत सांगितलं. पुरुषाच्या छातीत स्तनाची ग्रंथी वाढणं. आजार म्हणावा असं काही नाही, पण व्यायामानं जाणार नाही. नको असेल तर शस्त्रक्रियेनं काढता येते.

मी एकावन्न वर्षांचा. रत्नागिरीत माझं साड्यांचं दुकान आहे. साडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन, गिरकी मारून दाखवायची ही माझी पद्धत. गिऱ्हाइकं हसतात. त्यातलं कुठलं हसू गिरकीला आणि कुठलं माझ्या छातीला, हे मी बाराव्या वर्षापासून ओळखत आलोय. त्याचाच थकवा आला होता. मी हो म्हटलं.

रक्त, हार्मोन, सोनोग्राफी. शस्त्रक्रिया कोल्हापूरला ठरली. तिथल्या सर्जननी आणखी एक शब्द हातात दिला : लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज. आपल्या अंगात रक्ताखेरीज लसिका नावाचं पातळ पाणी फिरत असतं. शस्त्रक्रियेत त्याच्या बारीक वाटा तुटतात, पाणी साचतं, सूज येते. अगदी हलक्या हातानं कातडी सरकवत ते पाणी काखेकडे आणि गळ्याकडे वळवायचं. शस्त्रक्रियेआधी दोनदा, नंतर काही आठवडे.

हे काम जाणणारी एक तरुण फिजिओथेरपिस्ट रत्नागिरीतच मिळाली. तिच्याकडे बाहेर बसलेल्या सगळ्या बायका. स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या, हात सुजलेल्या.

"मिसेसना आणलंत?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही. मीच."

त्यांनी मला नीट पाहिलं आणि सरकून जागा दिली. "इथे बसा. पंखा इथेच लागतो."

मसाज म्हणाल तर मला शुद्ध फसवणूक वाटली. डोळे मिटून पडलो होतो. म्हटलं, "मॅडम, सुरू कराल तेव्हा सांगा."

"दहा मिनिटं झाली, काका."

शस्त्रक्रियेचं फार सांगत नाही, बराचसा वेळ मी बेशुद्धच होतो. तीन दिवस दोन्ही बाजूंना नळ्या. मग अहोरात्र घालायचं घट्ट जाकीट, त्याला कॉम्प्रेशन व्हेस्ट म्हणतात. आयुष्यभर ब्लाउजपीस विकले, त्याची शिक्षा. आंबा घाट उशी छातीशी धरून उतरलो. झोपायचं टेकून, हात वर करायचे नाहीत, आंघोळ नाही. सहाव्या दिवशी मसाज सुरू झाला आणि सूज रोज थोडी उतरू लागली.

माझी चूक त्याआधीच झाली होती. खरं फक्त बायकोला, नंदाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना मी सांगितलं, "छातीत गाठ होती, काढली." तो शब्द फोनवरून सावर्ड्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे पोचला. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला ताईनं वाढवलं. पहिल्या एसटीनं ती आली, डोळे सुजलेले, पिशवीत तेलाची बाटली.

घरातली प्रत्येक बाळंतीण ताईच्या हाताखालून गेलीय. फिजिओथेरपिस्टबद्दल ऐकून ती म्हणाली, "त्या पोरीच्या हातात जीव नाय. सूज काय अशी फुंकर मारून जाते?"

"ताई, दाबायचं नाही म्हणालेत डॉक्टर," नंदा म्हणाली.

"डॉक्टरांनी किती बाळंतिणी उठवल्या?"

नंदानं माझ्याकडे पाहिलं. दाबायचं का नाही, ते समजावायला काय कापलं ते सांगावं लागलं असतं. मी जाकीट उघडून आडवा झालो. दोन दिवस ताईचे अंगठे आणि गरम तेल. मी दात आवळून "बरं वाटतंय" म्हणत होतो. इतका वाईट अभिनय मी कधी केला नाही.

तिसऱ्या सकाळी डावी बाजू टम्म. हात लावला की आत पाणी हलायचं.

"काका, कोणी दाबलं?" फिजिओथेरपिस्टनं लगेच हात काढून घेतला. याला सेरोमा म्हणतात, कापलेल्या पोकळीत साचलेलं पाणी.

पुन्हा घाट, पुन्हा तासन्‌तास बाकावर बसणं. सर्जननी सुईनं पाणी ओढून काढलं. "मसाज थोडे दिवस बंद. मग फक्त हलका हात. भरत राहिलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल."

घरी आलो तर ताई तेल तापवत होती. उभं राहायचंही त्राण नव्हतं. "ताई, गॅस बंद कर," म्हटलं. "गाठ नव्हती. कॅन्सर नव्हता. छातीची लाज वाटायची, म्हणून काढून घेतलं."

तिनं गॅस बंद केला. तेलाची वाटी खाली उतरवून ठेवली.

"मेल्या, दोन रात्री रडले मी." मग म्हणाली, "आणि लाजेचं मला सांगतोस? तुझे शाळेचे शर्ट कोण शिवायचं? छातीवर दोन मोठे खिसे, वर झाकणं. वर्गात आणखी कोणाला होते तसे?"

नव्हते. सिनेमातल्या इन्स्पेक्टरसारखे दिसतात म्हणून मी मिरवायचो. ती फॅशन आहे असं मला एकावन्न वर्षांचा होईपर्यंत वाटत होतं.

मसाज पुन्हा सुरू झाला तेव्हा ताई माझ्याबरोबर आली. "मांजराला तरी जरा जोरानं गोंजारतात," म्हणाली, पण शिकली. कोरड्या हातानं, रोज वीस मिनिटं, श्वास रोखून. तिच्या अंगठ्यांना ते फार जड गेलं. मध्ये एकदा पुन्हा सुई लागली. तिसऱ्यांदा पाणी भरलं नाही. डावी बाजू अजून थोडी कडक आहे, राहू दे. टेबलावर जायचं टळलं.

आता कोणी विचारलं तर सरळ सांगतो, काय होतं आणि काय काढलं. ऐकणाऱ्यांना एकदम साडीचा भाव आठवतो. परवा मात्र एक गृहस्थ बायकोला रिक्षात बसवून परत दुकानात आले. ढगळ शर्ट, खांदे पुढे वाकवलेले. हळूच म्हणाले, "ते डॉक्टर कुठले म्हणालात?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि आधी विचारलं, "घरी कोणाला सांगितलंय?"