खारवट तुकड्यातला गहू

चिखलीच्या रस्त्याला लागून माझा एक तुकडा आहे, खारवट. उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरी खपली धरते. बी टाकलं की जागच्या जागी मरतं. बायको म्हणे, ढाबेवाला मागते तर देऊन टाका, मुरूम टाकून ट्रक उभे करील. मी म्हणालो, माझ्या बापानं नांगरलेल्या जागेत कोणी ड्रायव्हर मुतणार नाही. ती म्हणाली, मंग पीक दाखवा. ठरलं. यंदा गहू आला नाही तर तुकडा ढाब्याला.

शेतीखात्यातली एक पोरगी स्कूटीवर गावात यायची. ती म्हणाली, "बाबा, गहू रातभर हलक्या मिठाच्या पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा, मंग पेरा. बियाण्याले खाऱ्याची सवय होते."

"म्हणजे नवरीले लग्नाआधीच सासूची सवय लावाची?"

"हाव बाबा, तसंच."

मी चौथी नापास, पण एवढं मला समजलं. देवाला माझ्या खारवटाचं काही पडलेलं नाही, मग पोरीचं ऐकायला काय जाते?

गहू भिजवला. सकाळी निथळून ओसरीत चादरीवर पसरला, कोंबड्या हाकलल्या, अन् पेरायला बैलजोडी सांगायला अमडापूरला गेलो. परत येऊन पाहतो तर अर्धी चादर रिकामी.

"बियाणं कुठं गेलं वं?"

"कोनतं बियाणं? भिजोलेला गहू दिसला, मले वाटलं तुमाले कुरडया खाव्या वाटून राह्यल्या. टाकला अजून भिजत."

"दिवाळीत कुरडया?"

"तुमचं काय नेम हाय? सांगतलं काय मले?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. पण बायकोला सांगून शेती करायची पद्धत आमच्या घरात नाही. तिचा गहू पातेल्यात फुगून ढम्म झाला होता. उरलेला सुकवून अर्ध्या तुकड्यात पेरला, बाकी अर्ध्यात पोत्यातला कोरडाच टाकला. गावातले रिकामे लोक बांधावर येऊन विचारत, "आबा, कुरडया उगवल्या काय?"

कोरडा पेरलेला अर्धा भाग टक्कल पडल्यासारखा राहिला. भिजवलेला उगवला. दाट नाही, पण उगवला. ओंब्या आखूड, दाणा मात्र भरला.

होळीच्या आधी ढाबेवाला जागा मोजायला टेप घेऊन आला. मी काही बोलायच्या आत बायको भाकरी घेऊन पोचली.

"काऊन तुडवून राह्यला रे गहू?"

"काकू, तुमीच तर बोलावलं होतं."

"तवा गहू नव्हता."

"अर्धा तुकडा तर उजाडच हाय."

"त्या अर्ध्याचं बी म्या पातेल्यात घातलं. त्यात जमिनीचा काय गुन्हा? हो बाजूले!"

ढाबेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. त्यानं टेप गुंडाळला. मग मी त्याला चहा पिऊन जा म्हणालो. जिंकलेल्या माणसानं तेवढा मोठेपणा दाखवावा.