येत्या महिन्यासाठी मागणं
सब्जाचा वास आला की दारात सब्जा लावलेलं हिंगोलीतलं आमचं भाड्याचं घर आठवतं. गावात यहुदी आम्हीच तेवढे. नवा महिना लागण्याआधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, वडील घरातच उभे राहून मोठ्यानं, मराठीत, त्या महिन्यासाठी दीर्घायुष्य आणि आरोग्य मागत. एकदा शेजारीण म्हणाली, "भाऊ, माझं लेकरू तापानं फणफणून राहिलं. त्याच्यासाठी बी मागा." वडिलांनी मागितलं. महिना लागायच्या आतच लेकरू गेलं. पुढच्या वेळी ती उंबऱ्याशी येऊन बसली. तिला पाहून वडील 'दीर्घायुष्य' म्हणता म्हणता अडले. "काहून थांबले, भाऊ?" ती हळूच म्हणाली. "तुमच्या लेकरायसाठी मागा की." आज माझ्या मुलांसाठी तेच मागताना मला आधी तिचं लेकरू आठवतं.