भाऊ बहिरा ठरला तेव्हा

माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळतही नव्हता. तो बहिरा निघावा असं आमच्या घरात सगळ्यांना मनापासून वाटत होतं. बहिऱ्याला कानाचं मशीन मिळतं, शाळा मिळते. काका येता-जाता त्याच्या डोक्यामागे ताट बडवायचे आणि तो वळला नाही की खूश व्हायचे.

कानाची तपासणी नांदेडला झाली. बाबा नोकरीसाठी लांब असायचे. मी वसमतच्या इंग्रजी शाळेतली, म्हणून डॉक्टरांशी बोलायला आईबरोबर मला पाठवलं. झोपेचं गोड औषध भावाच्या नाकातोंडातून परत आलं. पुन्हा पाजलं. तो झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागे चिकट मलम लावून वायरी डकवल्या. खोलीत ओकारीचा आणि फिनेलचा वास कोंडला होता. शेवटी टेक्निशियन म्हणाला, "कान एकदम बराबर आहेत."

आईचा चेहरा पडला.

घरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि भावाच्या थोबाडीत दिली.

"ऐकू येतंय न्हं? मंग काहून ओ देत न्हाईस? नाटकं करून राहिला!"

पुढे रक्त तपासलं, डोक्याचा आलेख काढला. दर वेळी सगळं ठीक निघालं आणि दर वेळी घरातल्यांचा त्याच्यावरचा हात आणखी सैल सुटला. 

औरंगाबादच्या डॉक्टरबाईंनी वायरी लावल्याच नाहीत. जमिनीवर बसून त्याचं खेळणं बघत राहिल्या, आईला खूप काही विचारलं. मग म्हणाल्या, ऑटिझम आहे. आधीच्या तपासण्या दुसरं काही नाही ना, हे बघायला होत्या. हे रक्तात दिसत नाही, मशीनवरही नाही. आणि तो मुद्दाम करत नाही.

परतीच्या एसटीत आईनं विचारलं, "हे भाऊजींना कसं सांगावं गं?"

 माझ्या इंग्रजीतही त्याला ऑटिझमच म्हणत होते.

घरी पोचल्यावर आईच बोलली. "नांदेडची मशीन खराब व्हती. लेकरू बहिरंच हाय."

त्यानंतर कुणी त्याच्यावर हात उचलला नाही. काका त्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचे. ज्या गालावर मारलं होतं तोच कुरवाळत "बिचारं माझं" म्हणायचे. मला माराची आली नव्हती एवढी त्या लाडाची किळस यायची.

हळद शिजवायच्या दिवसांत शेतात वाफेच्या टाक्यांचा मोठा कुकर लागला. वाफ सुटली, कर्कश आवाज झाला आणि भावानं दोन्ही कान गच्च दाबून घेतले. हळद भरणारी बाई हसायला लागली.

"अगं माय! बहिरं म्हनं, अन् कान झाकून राहिलं!"

आई जागच्या जागी थिजली. मी धावत जाऊन भावापुढे उभी राहिले. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाफ लागली असंल कानाला," ते बाईला म्हणाले. "तुमी आपलं काम बघा."

वाफ पार दुसऱ्या बाजूला जात होती. म्हणजे त्यांना माहीत होतं. गावभर दया मिरवायला बहिरा पुतण्या त्यांना सोयीचा होता, एवढंच.

त्याला खांद्यावर घ्यायला त्यांनी हात पुढे केले. मी सरकले नाही.