कुलूप पहिलं, कमान शेवटी

मंगळवार पेठेत मेथी-कोथिंबीर विकायला बसणाऱ्या एका मावशींवर अन्याय झाला. गेल्या उन्हाळ्यात, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण कॉलेजला उशीर होत होता आणि मी त्यांच्यापुढं मेथीची जुडी धरून सारखी मोबाइल बघत उभी होते. मावशी उठल्या, बाजाराच्या टोकाला महिलांची मुतारी आहे तिकडं गेल्या आणि गेल्या तशा परत आल्या. दाराला कुलूप. किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडं, आणि तो माणूस पाहुण्यांच्या लग्नाला गडहिंग्लजला.

"मग आता हो?" मी विचारलं.

"आता काय, सांजच्याला घरी गेल्यावर. मी सकाळधरनं पानीच पेत न्हाई, म्हणून चालतंय. आज उनाचं घोटभर पेले, ही माझीच चूक."

माझीच चूक! पहाटे पाचला येऊन बसणारी बाई पाणी प्याली, ही तिची चूक. त्या मुतारीचं उद्घाटन झालं होतं, फीत कापली होती, फोटो निघाले होते. मग 'बायका घाण करतात' म्हणून कुलूप लागलं. शेजारच्या पुरुषांच्या बाजूला दारच नव्हतं. तिथं कुलपाचा प्रश्नच येत नव्हता.

मी अकरावीपासून पत्रकं लिहिते. एसटीचा पास, वसतिगृहाचं जेवण, परीक्षेची फी, सगळ्यावर लिहून झालंय. पण त्या दिवशी घरी जाऊन मी पत्रक लिहिलं नाही. आमच्या बाईंकडं गेले. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पेठेतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेत. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती, बाई आमच्या आघाडीच्या उमेदवार होत्या आणि आघाडीनं जाहीर केलं होतं, की बहुमत मिळालं तर महापौर आमच्या बाईच. म्हणजे बाईंचा जाहीरनामा हा नुसत्या प्रभागाचा नव्हता, अख्ख्या शहराचा होता.

तो त्यांनी कसा केला, ते मी जन्मात विसरणार नाही. वही घेऊन दारोदार गेल्या आणि प्रत्येकाला एकच अट घातली. "एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर दोन्ही खोडीन." लोक गडबडले. मागायला बसल्यावर दहा गोष्टी मागायची सवय आपल्याला. एका काकांनी नळाचं पाणी सांगितलं, वर हळूच गटार चिकटवलं. बाईंनी खरंच दोन्हीवर रेघ मारली. काका दुसऱ्या दिवशी घरी आले. "बाई, पाणीच ऱ्हाऊ द्या." बाजारातल्या बायकांनी मात्र एका दमात सांगितलं: किल्ली.

यादी अशी झाली, आणि तिचं पत्रक मी लिहिलं. पहिलं, बाजारातल्या महिलांच्या मुताऱ्यांची कुलपं निघणार आणि किल्ल्या तिथं बसणाऱ्या बायकांकडं राहणार. मग वरच्या गल्ल्यांना दाबानं पाणी, उपनगरात रात्री साडेआठनंतरही बस, पावसाळ्याआधी गटारं साफ, पुराच्या काळात नदीकाठच्या घरांना राहायला आधीच ठरलेली शाळा. स्वागत कमान सगळ्यात शेवटी. ती तालमीत बसून आघाडीच्या अण्णांनी एकट्यानं मागितली होती.

अण्णा आमचे ज्येष्ठ. मन वाईट नाही, पण कमान म्हटलं की पाघळतात. तालमीतल्या बैठकीत ते माझ्यावर उखडले.

"काय गं पोरी, पहिल्या ओळीत मुतारी? लोकं जेवताना वाचत्यात पत्रक!"

"मग जेवून झाल्यावर वाचा म्हणावं."

"महापौर व्हायचंय बाईस्नी, झाडूवाल्यांचा मुकादम न्हाई!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही सकाळपासून दोनदा जाऊन आलात. मी बघितलंय." तालीम अशी हसली, की अण्णांनाही हसावं लागलं.

मला वाटलं, जिंकलो. मजकूर प्रेसमध्ये दिला आणि निघून आले. ही माझी चूक, छापून हातात येईपर्यंत हलायचं नसतं. गठ्ठे आले तेव्हा पुढच्या पानावर अकरा नेत्यांचे फोटो, खाली भव्य स्वागत कमान, त्याखाली रंकाळ्यावर रोषणाई. आमची यादी सगळी मागच्या पानावर. प्रेसवाला म्हणाला, "अण्णांचा फोन आलता की. मला वाटलं, तुमचं ठरलंय." दुसऱ्यांदा छापायला वेळ नव्हता. मी गठ्ठ्यावर लाथ मारली. पायच दुखला.

बाईंनी एक पत्रक उचललं. उलटं केलं. मागचं पान बाहेर येईल असं दुमडलं आणि घडीवर नख फिरवलं. पहिल्या ओळीत कुलूप आलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "बायकांना बोलव."

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात अभिमानाची. बाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यात भाजीवाल्या, फुलंवाल्या, काचेच्या बांगड्या विकणाऱ्या चाची, सगळ्या मांडी घालून बसल्या आणि पत्रकं उलटी दुमडत गेल्या. इतकी पत्रकं लिहिली मी, पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्याच हातांनी घडी पडलेली पहिल्यांदा बघत होते. तेवढ्यात अण्णा आले. एक उचलून बघतच राहिले.

"आरं, आमची तोंडं आत गेली की!"

मेथीवाल्या मावशींनी मान वर न करता उत्तर दिलं. "आत गेली म्हंजी पायाखाली तरी येणार न्हाईत, अण्णा. चा घ्या."

अण्णांनी चहा घेतला. थोड्या वेळानं, कुणी न सांगता, तेही दुमडायला बसले. घडी वाकडीच घालत होते.

पत्रकं वाटली आणि चार दिवसांत बाजारातल्या बायका हातात ती घेऊन त्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ठेकेदाराचा माणूस आला. "कुणाची ऑर्डर हाय?" चाचींनी पत्रक त्याच्या नाकापुढं धरलं. "लिख्खेला हाय की हितं." कायद्यानं त्या कागदाला काडीची किंमत नव्हती, मतदानसुद्धा व्हायचं होतं. पण एवढ्या बायकांपुढं त्याला ते सुचलं नाही. त्यानं कुलूप काढलं आणि किल्ली मावशींच्या हातात दिली. अण्णा धावत आले आणि उघड्या दारासमोर फोटो काढून घेतला. काढू देत. दार उघडं होतं.

बाई निवडून आल्या. महापौर झाल्या नाहीत, आघाडीला जागा कमी पडल्या. किल्ली मावशींकडंच आहे आणि त्या आता दिवसभर पाणी पितात. पण गेल्या आठवड्यात ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणाला, की देखभालीसाठी किल्ली परत द्या. मावशी म्हणाल्या, "तू देखभाल कर, मी दार उघडती." तो पुन्हा येणार. एकट्या मावशींनी किती दिवस पुरं पडायचं?

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या भाजी आणायला जाल तेव्हा बाजारातल्या महिलांच्या मुतारीच्या दाराला हात लावून बघा. कुलूप असलं तर किल्ली कुणाकडं आहे ते विचारा, त्या माणसाला गाठा, आणि दार उघडेपर्यंत तिथनं हलू नका.