शालननं सांगितलेला शेवट

शनिवारी सकाळी शालनच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी रविवारची तयारी करत होते. रविवारी तिला दवाखान्यात भेटायला जायचं होतं, आणि मुगाची खिचडी न्यावी की नुसतं सूप, असा माझा स्वतःशीच खल चालला होता. ‘ताई, गेली ओ ती,’ एवढंच तो म्हणाला. मागं कुणीतरी रडत होतं. मी मुगाचा डबा हातात धरून तशीच उभी राहिले… डेंग्यूनं माणूस जातं हे मला ठाऊक होतं, पण ते पेपरात. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांना तो होऊन गेला होता आणि सगळे पपईच्या पानांचा रस पिऊन पुन्हा लिफ्टसाठी भांडायला हजर झाले होते. शालनच्या पेशी कमी झाल्यात म्हणून तिला पौडहून इकडं हलवलं, तो दवाखाना महाळुंग्यातल्या आमच्या घरापासून इतका जवळ आहे की नाव सांगितलं तर रिक्षावाला मान हलवून पुढं निघून जातो. आणि तरीही मी गेले नाही. बँकेत तपासणी चालू होती, पाऊस होता, रविवारी निवांत बसता येईल असं वाटलं. तीही फोनवर तेच म्हणाली होती, ‘आगं, ये निवांत. मी काय हितनं पळून चाललेय व्हय?’

आम्ही दोघी पौडजवळच्या रिह्याच्या. तिचं माहेर वरच्या आळीत, आमचं घर बुद्धविहाराच्या मागं. लग्न होऊन ती गेली तीसुद्धा खालच्या आळीत, त्यामुळं माहेरी जायला तिला चप्पलही घालावी लागत नसे. मी नोकरी धरली, शहराच्या कडेला फ्लॅट घेतला, आणि ती तिथंच भात लावत, झोडपत, पुण्याहून फार्महाऊसवर येणाऱ्या लोकांना भाकरी-पिठलं करून घालत राहिली. पण ही मैत्री पक्की झाली ती बारावीच्या वर्षात, पौडला, आणि तीही निबंधांच्या छळामुळं.

मराठीला देशमाने बाई होत्या. त्या वर्षी दोन साहित्यकृती घेऊन एका विषयावर त्यांची तुलना करणारे निबंध लिहायचे होते. वाचनालयात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, आणि पोरं वर्गभर. त्यावर बाईंनी जोडीवाचनाचा तोडगा काढला. जोडीतल्या एकानं एक पुस्तक वाचायचं, दुसऱ्यानं दुसरं, मग एकमेकांना आपापलं पुस्तक सांगायचं आणि निबंध दोघांनी दोन्हींवर लिहायचा. ‘सांगणाऱ्यानं काही लपवायचं नाही, ऐकणाऱ्यानं विचारायला लाजायचं नाही,’ हा बाईंचा नियम. म्हणजे जे पुस्तक तुम्ही उघडलेलंच नाही त्यावर मैत्रिणीच्या भरवशावर पानंच्या पानं लिहायची. शहरातल्या कॉलेजात कुणी असं केलं असेल असं वाटत नाही.

माझी जोडी शालनशी जमली. निबंध पुरा करण्याच्या बाबतीत आमच्यात तुलना करण्यासारखं काही नव्हतं, दोघीही सारख्याच ढ. बाई म्हणायच्या, आधी साम्य, मग फरक, मग समारोप. मी फरकापाशी अडायचे, कारण मला सगळी पुस्तकं सारखीच वाटायची. शालन समारोपापाशी अडायची. सुरुवातीलाच ती एवढी रंगायची की घंटा व्हायची आणि तिचा निबंध मधेच कुठंतरी लोंबकळत राहायचा. बाई चिडल्या की ही म्हणायची, ‘बाई, संपलं असं लिवून कुटं संपतंय व्हय?’ पण सांगायची मात्र फार छान. दुपारी कॉलेज सुटल्यावर पौडच्या स्टँडवर रिह्याच्या गाडीची वाट पाहत आम्ही बसायचो, तेव्हा ती पुस्तक मांडीवर घ्यायची, मिटलेलं, जिथवर सांगून झालं त्या पानात बोट घालून, आणि तोंडपाठ सांगायची. पात्रांचे आवाज काढायची. शेंगदाणेवाला गिऱ्हाईक सोडून ऐकत उभा राहायचा.

त्या वर्षी भात कापायच्या दिवसांत माझी आई आजारी पडली. पुण्यात सरकारी दवाखान्यात तिला ठेवलं होतं, वडील तिच्यापाशी, आणि मी शालनच्या घरी राहत होते. शालनच्या आईला मी आक्का म्हणते. आक्कांनी मला त्या दिवसांत लेकीसारखं जेवू घातलं आणि दवाखान्याचा विषय कधी काढला नाही. गावात बाकी सगळे काढायचे. रस्त्यात मला बघितलं की बायकांचे चेहरे असे व्हायचे की मी मान खाली घालून चालायचे.

नेमका तेव्हाच निबंधाला विषय आला, ‘वाट पाहणे’. माझ्याकडं एक छोटं नाटक होतं. त्यात बोटीवर गेलेल्या मुलाची म्हातारा बाप वाट बघतो आणि मुलगा येत नाही. शालनकडं कादंबरी होती. बाजाराच्या गावात खानावळ चालवणारी आई, दूरच्या गावी नर्स झालेली मुलगी. आई अंथरूण धरते, मुलगी निघते, वाटेत पूर, गाड्या बंद. शालन रोज थोडं थोडं सांगत होती. खानावळीतली पितळी पातेली, आईचं ‘आज दोन भाकऱ्या जास्तीच्या टाका, ती येईल’ असं रोज म्हणणं… मी ऐकताना हाताची नखं खायचे. शेवटच्या दिवशी तिनं सांगितलं की मुलगी होडीनं नदी ओलांडून अंधारात गावाकडं चालायला लागते, आणि तिथं ती थांबली. गाडी यायची होती. मी विचारलं, ‘मग? पोचती का?’ शालननं पानात घातलेलं बोट काढून घेतलं. पुस्तक पिशवीत टाकलं आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, ‘पोचतीया की! न पोचायला काय झालं? आई उठून बसती, दोघी एका ताटात जेवत्यात.’

मला आयुष्यात पहिल्यांदा फरक सापडला. एकीकडं वाट पाहणं वाया जातं, दुसरीकडं फळाला येतं. एवढ्या एका फरकावर मी अख्खा निबंध उभा केला, समारोपासकट, आणि वेळेच्या आत कागद दिला. पुढच्या आठवड्यात बाईंनी तो वर्गात वाचायला घेतला आणि मधेच थांबल्या. ‘अगं, दोन्हीकडं कुणीच पोचत नाही. आई आधीच गेलेली असते. हा फरक तू कुठून आणलास?’ वर्ग खदखदून हसला. मी शालनकडं बघितलं. तिचा निबंध नेहमीसारखा अर्धाच होता, होडीपाशी थांबलेला. बाईंनी विचारलं, ‘शालन, शेवट वाचला होतास का?’ ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘न्हाई बाई. ऱ्हायला.’

त्या दिवसापासून तिचं नाव ‘क्रमशः’ पडलं. मीच पाडलं. राग फार टिकला नाही, कारण त्याच आठवड्यात आई घरी आली, आणि नंतर पुष्कळ वर्षं राहिली. पण गंमत मात्र मी सोडली नाही. शालनच्या हळदीत मी सगळ्या बायकांसमोर हा किस्सा नकलेसकट केला. तिच्या मुलीच्या बारशाला केला. माझ्या बँकेतल्या मैत्रिणींना रिह्याला हुरड्याला नेलं तेव्हा चुलीपाशी बसलेल्या तिच्याकडं बोट दाखवून म्हटलं, ‘ही ती. पुस्तकाचा शेवट न वाचता शेवट सांगणारी.’ बायका हसल्या, शालनही हसली, आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, ‘व्हय बाई, लई आळशी मी.’ दर वेळी ती एवढंच म्हणायची. पुढं एकदा गावातल्या बचतगटाचा अहवाल लिहायची वेळ आली, तेव्हा ती कागद माझ्याकडं सरकवून म्हणाली होती, ‘तू लिव. माझं काय पुरं हुतंय व्हय.’ मीही लिहून दिला आणि वर तिला चिडवलं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी मी रिह्याला गेले. दिवसकार्याला जाऊन आले होते, पण तेव्हा गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर मला गर्दीच हवी होती. या वेळी शालनच्या घरात आक्का होत्या आणि शालनची मुलगी, ऋतुजा. ती अकरावीत आहे. ओसरीवर वह्या पसरून बसली होती. ‘मावशी, बघ ना, हे संपतच नाहीये,’ म्हणाली. ‘निरोप’ या विषयावर एक कविता आणि आपल्या आवडीची एक कादंबरी यांची तुलना करायची होती. तिनं कवितेबद्दलच तेवढं लिहून ठेवलं होतं, पुढं कोरं. तिला जरा हसवावं म्हणून मी, काय बुद्धी झाली कोण जाणे, तोच किस्सा काढला. आईवरच गेलीस, म्हटलं, तुझ्या आईनं तर कादंबरी न वाचताच मला शेवट सांगितला होता. ऋतुजा खरंच हसली. आक्का तांदूळ पाखडत होत्या, त्यांचं सूप थांबलं.

‘न वाचता? कोन म्हनतं?’ आक्का म्हणाल्या. ‘आगं, ते बुक वाचून दोन दिस धड जेवली न्हाई ती. म्हनली, ह्यातली आई मरतीया, आन् हिची आई तितं दवाखान्यात पडलीया. हिला कसं सांगू, आये? म्या म्हनलं, नको सांगूस.’

सूप पुन्हा हलायला लागलं. 

ती कादंबरी मी शोधली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मिळाली, कव्हर फाटलेली. इतक्या वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती, हेही लिहून टाकते. शालन पुस्तकं वाचत नाही असं गावभर सांगत फिरणारी मी, आणि न वाचलेलं पुस्तक माझंच होतं. वाचायला लागले तर सगळं तिच्या आवाजात ऐकू यायला लागलं. पितळी पातेली होती. दोन जास्तीच्या भाकऱ्या होत्या. होडीवाल्याचा तो चिडका संवाद शालननं शब्द न् शब्द सांगितला होता. शेवटची काही पानं सोडली तर तिनं कुठंही काही बदललं नव्हतं. आणि वर्गात खरा शेवट ऐकू येऊ नये म्हणून स्वतःचा निबंध होडीपाशी थांबवला होता. तिचं कधीच पुरं होत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं कुणाला शंकासुद्धा आली नाही.

मग नंतर का नाही सांगितलं तिनं? आई बरी झाल्यावर, हळदीत, हुरड्याला, कधीही… मी खूप विचार केला. सांगायचं तर तिला म्हणावं लागलं असतं की तुझी आई आता जगत नाही असं मला वाटलं होतं. ते तिच्या तोंडून कधी निघालं नसतं. त्यापेक्षा आळशी म्हणवून घेणं तिला सोपं गेलं असेल. आणि ते तिला किती सोपं गेलं, हे मी एकदाही विचारलं नाही. मला किस्सा हवा होता. मला लाज वाटते, आणि ती सांगायला आता समोर कुणी नाही.

पुढच्या वेळी कादंबरी घेऊन रिह्याला गेले. ऋतुजाला म्हटलं, चल, जोडीवाचन करू. कविता तू सांग, कादंबरी मी सांगते. तिनं कविता सांगितली, मग मी सुरू केलं. मला शालनसारखे आवाज काढता येत नाहीत, पण पोरगी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होती. होडीपाशी आले. मी पुस्तक मिटलं, शेवटच्या पानांत बोट तसंच राहिलं.

‘मग? पोचते का ती?’ ऋतुजानं विचारलं.

मी फाटक्या कव्हरवरून अंगठा फिरवला. ती जमिनीकडं बघत म्हणाली, ‘मावशी, एक सांगू? दवाखान्यात शुक्रवारी संध्याकाळी आई सारखी विचारत होती, आली का गं ती, आली का. मी म्हटलं, निघालीये. रिक्षात बसलीये, पोचतेच आहे. मग ती जरा शांत पडली… मी खोटं बोलले. तुला राग नाही ना आला?’

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी होते. पाऊस भुरभुरत होता म्हणून भजी तळली होती.

मी तिला जवळ घेतलं. राग कसला, म्हटलं, तू अगदी तुझ्या आईसारखी आहेस. ती रडायची थांबली तेव्हा पुन्हा विचारलंच तिनं, ‘पण ह्यातली पोचते का?’ शालनसारखं ‘पोचतीया की’ म्हणायला माझी जीभ उचलेना. न पोचलेल्या बाईनं ते कुठल्या तोंडानं म्हणायचं? ‘तू वाच,’ मी म्हटलं आणि पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही. जिथं माझं बोट होतं तिथं स्वतःचं बोट घालून ती बसून राहिली.

पुस्तक रिह्यालाच आहे. मी अलीकडं बँकेतून आले की चहा घेते आणि खाली उतरते. सोसायटीच्या फाटकातून डावीकडं वळून, बांधकामांच्या पत्र्यांच्या कडेनं, दवाखान्याच्या दारापर्यंत चालत जाते आणि परत येते. पोचायला फार वेळ लागत नाही.