आप्पांचं हवामान, माझा कांदा

माझा कांदा आप्पांनी घालवला. आप्पा म्हणजे माझे आजोबा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात विचारलंत तर कुणी म्हणेल पावसानं घालवला, कुणी म्हणेल नशिबानं. पाऊस दरवर्षी बदनाम होतो आणि घरातली म्हातारी माणसं दरवर्षी सुटतात.

हवामान फिरल्यापासून आमच्या घरात असले किस्से बांधावरच्या हरळीसारखे माजलेत. एक उपटला की मुळाला दुसरा लागलेला असतोच. कट्ट्यावर पोरं म्हणतात, "सांग की आप्पांचा एखादा." मी सांगतो, पोरं हसतात. घडत होतं तेव्हा कुणी हसत नव्हतं.

डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. बसूनच म्हणाले, "खालचं वावर तुझं. एक कांदा नीट घरात आणून दाखव. आनलास तर शेती तू बघायची. न्हाई आनलास तर कारेगावला कंपनीत जायाचं आन् परत हितं तोंड घालायचं न्हाई."

तात्या, म्हणजे माझे वडील, शेजारीच सुपारी कातरत होते. कातरत राहिले.

वावर माझं. पण पेरायचं कधी, फवारायचं कधी, काढायचं कधी, हे आप्पाच ठरवणार, हे मात्र तेव्हा कुणी बोललं नाही.

*

पहिला झटका बाजरीला बसला. ती वरच्या वावरात होती, म्हणून मी वाचलो.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की पाऊस दाबून. कोल्हा निघाला की बोंब. त्या साली मृगाला हत्ती निघाला. मी मोबाईल पुढं केला, आठवडाभर काही नाही म्हणून दाखवलं. आप्पांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. कोरड्या फुफाट्यात बाजरी पेरून घेतली.

पाऊस आला नाही. बी मुंग्यांनी नेलं.

मी म्हणालो, "आप्पा, तुमचा हत्ती कुठंय?"

"हत्ती हाय त्यो. सावकाश चालतो."

दुबार पेरलं. बाजरी बोटभर वर आली आणि मग हत्ती आला, तो बाजरीवरनंच चालत गेला. सगळी कोवळी बाजरी मातीसकट ओढ्यात. आप्पा चिखलात उभे राहून माझ्याकडे वळले.

"आला का न्हाई?"

*

माझे चुलते नाना पंचांग मानत नाहीत. नाना मॉडर्न. ते मोबाईलवर हवामानाचे व्हिडिओ बघतात आणि जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याला खरा धरतात.

कांद्याचं रोप टाकलं होतं. वाफ्यात मर दिसायला लागली, म्हणजे रोपं बुडाशी सडून माना टाकत होती. औषध मारायचं होतं. ढग दाटले होते, म्हणून मी म्हणालो, उद्या बघू.

"आज थेंब पडत न्हाई," नाना म्हणाले. "व्हिडिओत सांगितलंय."

आप्पांनी मान हलवली, म्हणजे हुकूम झाला. मी पंप पाठीवर घेतला, सगळे वाफे फवारले. पंप धुवायला बसलो आणि सर आली. सगळं औषध फेस काढत पाटाला लागलं.

निम्मं रोप मेलं. मी नानांकडे नुसता बघत राहिलो. नानांनी भीमेपलीकडं बोट केलं. तिकडं दौंड तालुका आणि तिकडं लख्ख ऊन.

"त्यो दौंडचं सांगत व्हता. बघ, तितं कोरडंच हाय."

*

उरलेल्या रोपावर खालच्या वावरात लागण केली. कांदा चांगला धरला. मग ऐन थंडीत आभाळ आलं आणि पाठोपाठ धुकं. धुकं म्हणजे पातीला करपा. सकाळी बघितलं तर शेंडे पिवळे पडायला लागलेले.

फवारणीचं काम तात्यांकडं दिलं होतं. मी वावरात गेलो तर तात्या पंप पाठीला लावून बांधावर उभे. पलीकडच्या वावरात संपतमामा, आमचे शेजारी, तेही पंप लावून उभे. दोघंही आभाळाकडं बघतायत.

"तात्या, मारा की."

"संपत कवा मारतोय बघतो. त्याला कळतंय त्यातलं."

मी बांध ओलांडून गेलो. "मामा, तुम्ही का थांबलात?"

"तुझ्या बापाचं बघून मारावं म्हनलं."

मी तात्यांच्या पाठीवरचा पंप काढून घेतला आणि मारत सुटलो. मामांनी मला बघून सुरुवात केली. दोघांचंही पीक वाचलं.

जेवताना आप्पा म्हणाले, "इचारलं व्हतंस का?"

"आप्पा, कांदा वाचलाय."

"ते न्हाई इचारत. इचारलं व्हतंस का?"

*

गारांचं थोडक्यात सांगतो. दुपारी पत्र्यावर पहिली गार वाजली आणि आप्पा ओरडले, "तवा टाका!" अंगणात तवा पालथा टाकला की गारा थांबतात, असं आमच्यात मानतात. आई भाकरी करत होती. तिनं चुलीवरचा तवा भाकरीसकट अंगणात फेकला.

मी तोवर वावराकडं पळत सुटलो होतो. पळून काय करणार होतो मला माहीत नाही. उभ्या पिकावर अंग तर टाकता येत नाही. बांधापर्यंत पोचलो आणि गारा थांबल्या. कांद्याची एक पात मोडली नव्हती.

तेव्हापासून घरात या विषयावर मी बोललेलं चालत नाही.

*

आता शेवटचा.

कांदा काढला. असा की बघणारा बांधावर थांबायचा. काढलेला कांदा लगेच चाळीत, म्हणजे साठवायच्या हवेशीर खोपीत, भरत नाहीत. वावरातच त्याच्याच पातीखाली झाकून सुकवतात. मोबाईलवर हवामानाच्या नकाशात आमचा भाग लाल दिसत होता, म्हणजे जोराच्या पावसाचा इशारा. मी म्हणालो, "आप्पा, घरात घेऊ."

"वला कांदा चाळीत सडतो. सुकू दे."

हे त्यांचं बरोबर होतं. त्याचाच जास्त राग येतो.

मग निदान ताडपत्री वावरात आणून ठेवू म्हणून गोठ्यात गेलो. ताडपत्री नव्हती. गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. आप्पा कमिटीचे अध्यक्ष. मंडपाचं कापड गळकं निघालं म्हणून त्यांनी आमची ताडपत्री वर चढवून दिली होती. घरात कुणाला न विचारता.

दुपार कलायच्या आत भीमेच्या अंगानं आभाळ काळं झालं. मी गाडीला किक मारली. वाटेत संपतमामा त्यांच्या वावरात दिसले. घरची सगळी माणसं घेऊन कांदा झाकत होते. त्यांची ताडपत्री त्यांच्याच घरात होती.

देवळात पारायण चाललेलं. बायका, म्हातारी माणसं पोथी पुढ्यात घेऊन आमच्या ताडपत्रीखाली बसलेली. आणि आप्पा वीणा गळ्यात घालून उभे. सप्ताहाची वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येऊन पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. तो येईस्तोवर पहिल्यानं जागा सोडायची नाही.

मी कानाशी जाऊन म्हणालो, "आप्पा, ताडपत्री सोडतो."

"पोथ्या भिजतील."

"कांदा भिजंल."

"संपतचा पहारा लागलाय आता. त्यो येऊ दे. मंग काय ती येवस्था करू."

"मामा येत नाहीत. ते कांदा झाकतायत."

आप्पांनी मंडपाबाहेर बघितलं. तरणी माणसं एकेक करून उठून आपापल्या वावराकडं निघाली होती. वारा सुटला. ताडपत्री फडफडायला लागली.

आप्पांनी वीणा गळ्यातनं काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"धर. खाली ठेवायची न्हाई."

"आप्पा, कुठं निघालात?"

"कांदा झाकाया."

"कशानं?"

ते थांबले नाहीत. पंगतीचं वाढप बघणाऱ्या तात्यांना हाक मारली, व्हिडिओ काढणाऱ्या नानांच्या दंडाला धरलं आणि तिघं पळत गेले. आप्पांना पळताना मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

पाऊस आला. असा आला की समोरचं काही दिसेना. पोथी वाचणारे थांबले नाहीत. मी उभा. मनात आलं, ठेवावी खाली आणि पळावं. कमरेइतका कट्टा समोरच होता. एक आजी माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मध्येच महाराज म्हणाले, "पोरा, तार वाजती ठेव." मी तार छेडत राहिलो. ताडपत्रीवर पाणी साठून फुगा आला. एका म्हाताऱ्यानं काठीनं तो वर ढोसला, पाणी बाहेर सांडलं. माझ्या अंगावर थेंब पडला नाही. चांगली होती ताडपत्री.

पाऊस उघडल्यावर संपतमामा आले. छातीपर्यंत चिखल. हात-पाय धुऊन माझ्या पाया पडले, कारण वीणा माझ्या गळ्यात होती. मग ती आपल्या गळ्यात घेतली.

"उशीर झाला रे," मामा म्हणाले. "कांदा झाकत व्हतो."

मी वावरात गेलो. आप्पा, तात्या, नाना बांधावर बसले होते. खताच्या रिकाम्या गोण्या, आईची दोन लुगडी, आप्पांचा फेटा, जे सापडलं ते पसरलेलं होतं आणि सगळं पाण्यावर तरंगत होतं.

कांदा सगळा सडला. त्याच्या पुढच्या सोमवारी मी कारेगावला फर्स्ट शिफ्टला उभा राहिलो.