आक्काचं हक्कसोड आणि माझं तोंड

माझी निम्मी जमीन माझ्या तोंडामुळे गेली. जुगार नाही, दारू नाही, कोर्टकचेरी नाही. नुसतं तोंड.

श्रीगोंद्याजवळ आमच्या गावात माझं खताचं दुकान आहे. तिथे युरियाच्या गोणीवर बसून मी गावाला कायदेशीर सल्ला देतो. (शिक्षण : बारावी नापास आणि मोबाईलवरचे व्हिडिओ!) बांध, वाटणी, वारस, मृत्युपत्र, काहीही विचारा, समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत माझं उत्तर सुरू. खर्ड्याला सासुरवाडीत जाऊन, "लेकीचा वाटा लेकाइतकाच!" असं ठणकावून मी बायकोचा हिस्साही पदरात पाडून घेतला होता. मेहुणे अजून माझ्याशी बोलत नाहीत. अडाणी कुठले!

आई आधीच गेली होती, मग आप्पाही गेले. मागे उरलो मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. तिला कर्जतकडे दिलेली. तिकडचं त्यांचं रान कोरडं ठणठणीत. इकडे आमची चार एकर, त्यातली दोन विहिरीखालची. माझा सगळा जीव त्या दोन एकरांत.

आता आमच्याकडची रीत अशी, की बाप गेला की बहिणीने हक्कसोड करून द्यायचं. भावाने तिला घरी आणायची, पुरणपोळी खाऊ घालायची, साडी नेसवायची आणि रजिस्टर ऑफिसात नेऊन अंगठा उठवायचा. साडीच्या बदल्यात शेत! आणि वर गावभर सांगत फिरायचं, "आमच्या बहिनीची लई माया!" चार घास आणि सहा वार कापडात असा सौदा जनावरांच्या बाजारातही कुणी करणार नाही, पण आम्ही भाऊ लोक त्याला प्रेम म्हणतो. मीही मोरपंखी साडी आणली. सेल लागला होता.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "ताई, राजीखुशीने हक्क सोडताय ना?"

"व्हय साहेब," आक्का म्हणाली. मी मनातल्या मनात विहिरीवर नवीन मोटर बसवली. "पन आदी येक शंका हाय."

"विचारा ना."

"तुमाला कशाला तरास? आमचा बाळूच सांगंल. का रं बाळू, लगीन झाल्यावर बाईचा बापाच्या जमिनीत हक्क ऱ्हातो का?"

"राहतो म्हणजे काय!" मी खुर्चीत पुढे सरसावलो. "लग्नाने हक्क जात नसतो, आक्का!"

बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. श्रोते जमले की मला आवरणं अवघड.

"पन लग्नात आप्पांनी मला सोनं घातलं हुतं. त्यात वाटा फिटला आसंल."

"छे, छे! लग्नाचा खर्च वेगळा, वाटा वेगळा!"

(बरोबर आलेली बायको मागून माझा सदरा ओढत होती. मला वाटलं, कौतुकानेच.)

"आप्पा तर म्हनायचे, समदं रान बाळूचं."

"नुसत्या म्हणण्याला काडीची किंमत नाही. लेखी मृत्युपत्र लागतं, दोन साक्षीदार लागतात. आहे का आपल्याकडे? नाही!" मी साहेबांच्या टेबलावर थाप मारली.

"आन सातबाऱ्यावर तुझ्या येकट्याचं नाव लागलं तर?"

"लागू दे ना! सातबारा म्हणजे महसुलाची नोंद. तेवढ्याने कुणी मालक होत नाही!"

"लई हुशार हाय बाई पोरगं," दारातली एक म्हातारी म्हणाली. मी तिला मान लवून नमस्कार केला.

"मंजी निम्मं रान माझंच हाय की रं?"

"अर्थात!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बायकोने कपाळाला हात लावला. आपण काय बोलून बसलो, हे त्या ऑफिसात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

"मग न्हाई सोडत, साहेब," आक्का म्हणाली. "येवढा शिकलेला भाऊ सांगतोय, खोटं कसं आसंल?"

"अगं आक्का, पण मी आपला कायदा सांगत होतो..."

"बाळू, तिकडं आमच्या गुरांना चारा न्हाई, पानी न्हाई. तू साडी आनलीस. गुरांना काय साडी घालू?"

लाज वाटली, खरंच वाटली. बाहेर आलो तर ती म्हातारी आपल्या भावाला सांगत होती, "मी बी इचार करून सांगते." तो भाऊ माझ्याकडे असा बघत होता, की मी चहा न पिताच गाडी काढली.

रीतसर वाटणी झाली. विहिरीखालची एक एकर आणि कोरडवाहू एक एकर आक्काची, विहिरीचं निम्मं पाणीही तिचं. कर्जतहून रोज येणं तिला जमत नाही, म्हणून तिचं रान मीच वाट्याने कसतो. चारा टेम्पोने तिकडे जातो. तिच्या म्हशी आता माझ्यापेक्षा बऱ्या दिसतात.

परवा तिच्या मक्याला पाणी धरत होतो. आक्का बांधावर उभी होती.

"बाळू, कसतोयस तू. उद्या कूळ म्हनून माझ्या रानाला तुझं नाव तर न्हाई ना लागनार?"

इथे गप्प बसायचं होतं. लांबून बायको दोन्ही हात हलवत होती.

"छे!" मी खोरं टाकून ताठ उभा राहिलो. "घरच्या माणसाचं कूळ लागत नसतं! आणि पक्कंच करायचं असेल, तर माझ्याकडून तसं लिहून घे. चल, मसुदा मी सांगतो!"